तेलविहिरीच्या सिमेंटमधील अदृश्य ताण

अमेरिकेतील ओहायो राज्यात बेनब्रिज नावाची वस्ती आहे. १५ डिसेंबर २००७ रोजी पहाटे तेथील एका घराच्या तळघरात साठलेल्या वायूचा स्फोट झाला. घराची मोठी हानी झाली. आतील माणसे सुदैवानेच बचावली. हा वायू घरातल्या शेगडीच्या नळीतून गळलेला नव्हता. जवळच खोदलेल्या एका नव्या वायुविहिरीच्या नळीबाहेरून तो वर सरकला, भूजलात मिसळला आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरींवाटे घरांपर्यंत पोचला, असा निष्कर्ष राज्याच्या खनिज विभागाने २००८ मधील आपल्या अहवालात काढला. जी कारणे त्यात नोंदवली गेली, त्यांतील एक ठळक कारण म्हणजे विहिरीतील नळीभोवती भरलेले सिमेंट अपुरे होते.

सिमेंटच अपुरे पडले, तर दोष उघड असतो. अभियंत्यांना अधिक छळणारा प्रश्न वेगळा आहे. सिमेंट पुरेसे भरले, ते वेळेत घट्ट झाले, चाचणीत उत्तीर्णही झाले आणि तरीही काही महिन्यांनी वा वर्षांनी विहिरीच्या तोंडाशी वायूचा दाब दिसू लागला, असे अनेकदा घडते. याचे उत्तर शोधताना संशोधकांचे लक्ष सिमेंटच्या मजबुतीवरून हळूहळू दुसऱ्या एका गोष्टीकडे वळले. ती म्हणजे घट्ट होत असतानाच सिमेंटच्या आत निर्माण होणारी बलांची अवस्था.

प्रथम विहिरीची रचना समजून घेतली पाहिजे. मराठीत ‘विहीर’ म्हटले की दगडी काठ, रहाट आणि खाली चमकणारे पाणी डोळ्यांपुढे येते. तेलविहीर म्हणजे मात्र जमिनीत कित्येक हजार मीटर उतरलेले एक अरुंद भोक. खोदाई पुढे जाते तशा त्यात पोलादी नळ्या टप्प्याटप्प्याने सोडल्या जातात. या नळ्यांना केसिंग म्हणतात. केसिंग आणि खडक यांच्यामध्ये जी वलयाकार पोकळी उरते, ती सिमेंटने भरून काढायची असते. साडेआठ इंच व्यासाच्या भोकात सात इंची केसिंग हा नेहमीचा मेळ. त्यात सर्व बाजूंनी उरणारी जागा असते अवघी १९ मिलिमीटर! हाताच्या बोटाएवढ्या जाडीचे हे सिमेंटचे कडे खालचा वायू वर जाऊ देत नाही, एका थरातील खारे पाणी दुसऱ्या थरातील गोड्या पाण्यात मिसळू देत नाही आणि पोलादाला गंजण्यापासून वाचवते. शिवाय हे काम विहीर चालू असेपर्यंतच करून भागत नाही. विहीर बंद करून वरचे सारे सामान हलवल्यानंतरही ते चालूच राहायला हवे.

ही पद्धत शतकाहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातील लोम्पोक तेलक्षेत्रात १९०३ मध्ये पन्नास पोती पोर्टलंड सिमेंट कालवून विहिरीच्या तळाशी सोडण्यात आले आणि पाण्याचा शिरकाव थांबवण्यात आला. सिमेंट घट्ट होण्यासाठी तेव्हा २८ दिवस वाट पाहिली गेली होती. आज ही प्रतीक्षा काही तासांवर आली आहे. सिमेंट व पाण्याचे पातळ मिश्रण, म्हणजेच स्लरी, केसिंगच्या आतून खाली पंपाने ढकलतात. तळाशी पोचले की ते वळसा घेऊन बाहेरच्या पोकळीतून वर चढते. मग पंप थांबतात आणि खरी गोष्ट सुरू होते.

पंप थांबतो त्या क्षणी स्लरी हा एक जड द्रव असतो. पाण्याच्या सुमारे १.९ पट जड. तीन हजार मीटर उंचीच्या अशा स्तंभाचा तळाशी पडणारा दाब सुमारे ५६० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण साडेपाचशे पट भरतो. तळच्या खडकातील वायूचा दाब समजा ४०० बार आहे, तर वायूची आत शिरण्याची प्राज्ञा नाही. पण द्रव फार काळ द्रव राहत नाही. दूध विरजले की ते जसे आधी नुसते आळते आणि मगच त्याचे दही लागते, तशी स्लरी घट्ट होण्याआधी आळू लागते. आळलेली स्लरी एका बाजूने पोलादाला, दुसऱ्या बाजूने खडकाला चिकटते आणि आपला भार तळावर टाकण्याऐवजी भिंतींवर टाकू लागते.

यासाठी चिकटपणा किती लागतो, याचा हिशेब चकित करणारा आहे. १९ मिलिमीटर जाडीच्या, एक चौरस मीटर क्षेत्राच्या स्लरीच्या थराचे वजन सुमारे ३६ किलो. दोन भिंतींनी ते वाटून घेतले, तर प्रत्येकीच्या वाट्याला १८ किलो. म्हणजे चौरस मीटरला १८ किलो इतक्या क्षुल्लक पकडीनेही सगळा स्तंभ जागच्या जागी लोंबकळू शकतो. खोली एक किलोमीटर असो वा तीन. एवढी पकड बोटाने सहज मोडेल अशा मऊ लगद्यातही असते. दरम्यान तळाकडच्या स्लरीतील थोडे पाणी खडकात झिरपते, थोडे सिमेंटच्या रासायनिक क्रियेत खर्ची पडते. झालेली घट भरून काढण्यासाठी वरची स्लरी खाली सरकायला हवी. पण ती तर भिंतींना धरून बसलेली असते. परिणामी तळाचा दाब उतरू लागतो. तो स्लरीच्या ५६० बारवरून साध्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे २९५ बारच्या आसपास आला, की ४०० बार दाबाच्या वायूला वाट मोकळी होते. सिमेंट आता पुरेसे द्रव नाही आणि पुरेसे घनही नाही. या मधल्या काळात शिरलेला वायू त्यात जी नाळ कोरतो, ती पुढे दगडात कोरल्यासारखी कायम राहते.

हा निव्वळ तर्क नव्हता. एक्सॉन कंपनीच्या संशोधकांनी केसिंगच्या बाहेरील बाजूस दाब व तापमान मोजणारे संवेदक बसवून ते प्रत्यक्ष विहिरींत सोडले आणि १९८३ मध्ये त्यांची मापने प्रसिद्ध केली. सिमेंट जागेवर पोचल्यानंतर वलयातील दाब उतरत जातो, हे त्यांत स्पष्ट दिसले.

मात्र वायू शिरला नाही, ही परीक्षा सुखरूप पार पडली, तरी प्रश्न संपत नाही. सिमेंट घन झाले म्हणजे त्याच्या आत आता कोणती बले आहेत? पदार्थाचे कण एकमेकांवर जो जोर लावतात, त्याला अभियांत्रिकीत प्रतिबल म्हणतात. हा जोर दाबणारा असेल, तर सिमेंट तो आनंदाने सोसते. तो ओढणारा असेल, म्हणजे ताण असेल, तर सिमेंटची सहनशक्ती दाबाच्या तुलनेत साधारण एक-दशांशच असते. म्हणूनच घराच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या घालाव्या लागतात. विहिरीच्या कड्यात अशा सळ्या नसतात. तेव्हा घट्ट होताना त्याला आतून दाब मिळाला की नाही, हा प्रश्न कळीचा ठरतो.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवून फुगवत आणि चाकावर बसवून पाणी ओतत. थंड होताना धाव आवळली जाई आणि लाकडाच्या पाट्या, आरे, तुंबा सारे एकमेकांत दाबले जाई. पुढे रस्त्यातले धक्के ते चाक सहन करी, ते या सुरुवातीला भरलेल्या दाबाच्या जोरावर. धाव ढिली पडली, की चाक खुळखुळे झालेच. विहिरीतील सिमेंटच्या कड्यालाही असाच आरंभीचा दाब लागतो. तो असेल, तर पुढे केसिंग थोडे आकसले तरी कडे त्याला चिकटून राहते. तो नसेल, तर पहिल्याच आकसण्यात दोघांची फारकत होते.

आता अडचण अशी, की सिमेंटचा स्वभावच हा दाब गमावण्याचा आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून जे नवे पदार्थ तयार होतात, ते मूळ सिमेंट व पाण्याच्या एकत्रित आकारमानापेक्षा कमी जागा व्यापतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातलिए यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हे दाखवून दिले होते. क्रिया पूर्ण झाली, तर १०० ग्रॅम सिमेंटमागे सुमारे सहा मिलीलिटर आकारमान नाहीसे होते. सिमेंटचा सांगाडा एकदा ताठर झाला, की तो बाहेरून तेवढा आकसू शकत नाही. म्हणून ही तूट मुख्यतः आतल्या सूक्ष्म छिद्रांत पडते. छिद्रांतील पाणी खर्च होते, तेथील दाब कोसळतो आणि सांगाडा आतल्या आत ओढला जातो. त्याबरोबर केसिंगवर व खडकावर टेकलेला त्याचा जोरही ओसरतो.

यावरचा उपाय शहरातील प्रत्येक गृहस्थाला ठाऊक आहे. नवा स्लॅब पडला, की त्यावर मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवतात, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. सिमेंटला हवे तेवढे पाणी बाहेरून मिळाले, तर आतली तूट भरून निघते. विहिरीत तीन किलोमीटर खाली पाणी कोण मारणार? ते मारू शकतो फक्त शेजारचा खडक. तो सच्छिद्र वालुकाश्म असेल आणि त्यात दाबाखालचे पाणी असेल, तर ते सिमेंटमध्ये शिरते, छिद्रांतील दाब टिकवते आणि कडे आपला जोर राखून घट्ट होते. शेजारी घट्ट पंकाश्म असेल, तर पाणी जवळजवळ मिळत नाही. आणि दोन केसिंगच्या मध्ये, पोलाद-पोलादात अडकलेल्या सिमेंटला तर बाहेरचे थेंबभर पाणीही मिळण्याची आशा नसते. एकाच विहिरीत, एकाच दिवशी, एकाच टाकीतून ओतलेले सिमेंट निरनिराळ्या खोलीवर निरनिराळे भवितव्य घेऊन घट्ट होते, ते असे. यातील विसंगती अशी, की ज्या पंकाश्मावर वायू अडवण्याची मुख्य भिस्त असते, तेथेच सिमेंटला पाण्याची चणचण सर्वाधिक भासते.

असे असूनही विहिरीची आकडेमोड करताना बराच काळ एक सोयीचे गृहीत वापरले गेले. कोणी मानले, की घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये स्लरीचाच दाब जसाच्या तसा असतो. कोणी मानले, की काहीच नसतो. पहिले गृहीत धरले, तर विहीर वर्षानुवर्षे सुरक्षित दिसते. दुसरे धरले, तर पहिल्याच झटक्याला ती निकामी ठरते. सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते आणि ते खडक, तापमान, पाण्याची उपलब्धता व सिमेंट ताठर होण्याचा वेग यांवर ठरते. एकाच विहिरीबद्दल दोन तज्ज्ञांनी दोन टोकांची मते द्यावीत, याचे बरेचसे रहस्य या न मोजलेल्या आरंभबिंदूत होते.

या आरंभबिंदूनंतर विहिरीचे आयुष्य सुरू होते, आणि ते काही शांत नसते. आधी दाबचाचणी होते. मग खडक फोडण्यासाठी प्रचंड दाबाने पाणी भरले जाते. उत्पादनात गरम तेल वर येते, केसिंग तापते. कालांतराने दाब उतरतो. दुरुस्तीच्या वेळी आत थंड द्रव भरला जातो. दर वेळी पोलाद फुगते किंवा आकसते. सात इंची, दहा मिलिमीटर जाड केसिंगच्या आतील दाब ३०० बारने कमी केला, तर मोकळ्या अवस्थेत त्याची त्रिज्या सुमारे ०.१ मिलिमीटरने घटते. सिमेंटला चिकटलेले असेल तर काहीशी कमी. तापमान ६० अंशांनी उतरले, तर आणखी सुमारे ०.०६ मिलिमीटरची भर पडते. डोक्यावरच्या केसाच्या जाडीशी तुलना करावी, एवढीच ही हालचाल आहे.

पण वायूला केसाएवढी फट पुरते. अशा अरुंद फटीतून होणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट झाली, तर गळती आठपट होते. उलट दिशेचा धोकाही आहे. आतील दाब अतिशय वाढवला, तर केसिंग फुगून कड्याला बाहेर रेटते, कड्याच्या परिघात ताण निर्माण होतो आणि कलिंगड उकलावे तसे त्याला उभे तडे जातात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी सिमेंटने वेढलेल्या केसिंगचा दाब वाढवत नेला आणि मग उतरवला. दाब चढा होता तोवर वायू सिमेंटमधून गेला नाही. दाब खूप वाढवून पुन्हा उतरवल्यावर मात्र गळती सुरू झाली. विहिरीच्या मजबुतीची खात्री करून घेण्यासाठी केलेली कडक दाबचाचणीच तिला जायबंदी करू शकते, ही गोष्ट पचनी पडायला उद्योगाला वेळ लागला.

येथेच ‘मजबूत सिमेंट म्हणजे चांगले सिमेंट’ हा समज अडखळतो. अनेक नियमावल्यांत सिमेंटची पारख दाब सोसण्याच्या शक्तीवरून होते. चौरस इंचाला ५०० पौंड ही शक्ती आली, की पुढचे काम सुरू करता येते. मापायला सोपा म्हणून हा आकडा ठीक आहे. परंतु अधिक मजबूत सिमेंट बहुधा अधिक ताठरही असते, आणि ताठर कडे पोलादाच्या हालचालीबरोबर वाकत नाही; ते तडकते किंवा सुटते. म्हणून गेल्या काही दशकांत लॅटेक्स, रबरासारखे कण किंवा वायूचे सूक्ष्म बुडबुडे मिसळून लवचीक सिमेंट बनवण्याकडे कल वाढला. मॅग्नेशियम ऑक्साइडसारखे पदार्थ घालून घट्ट होताना थोडे फुगणारे सिमेंटही वापरात आले. त्यातही मेख आहेच. भोवतालचा खडक सिमेंटपेक्षा मऊ असेल, तर फुगणारे कडे खडकाकडे सरकते आणि केसिंगच्या बाजूला फट पडते. औषध तेच; पण खडक बदलला, की त्याचा अपाय होतो.

काही उपाय तर विनाखर्चाचे आहेत. सिमेंट घट्ट होत असताना केसिंगच्या आत हलका द्रव ठेवला, तर केसिंग किंचित आकसलेल्या अवस्थेत सिमेंटने वेढले जाते. पुढे आतील दाब वाढला, की ते फुगून कड्याला घट्ट बिलगते. याउलट सिमेंट घट्ट होईतो आत जास्त दाब धरून ठेवला आणि मग सोडला, तर फट जणू आपल्या हातानेच तयार केली जाते. दाबचाचणी सिमेंट द्रव असतानाच उरकून घेणे हेही त्याच जातीचे शहाणपण.

या प्रश्नाची व्याप्ती केवढी? मेक्सिकोच्या आखातातील अमेरिकी हद्दीत झालेल्या पाहणीत आठ हजारांहून अधिक विहिरींच्या वलयांत असा दाब आढळला होता, जो झडप उघडून सोडला तरी पुन्हा साठतो. नॉर्वेच्या सुरक्षा यंत्रणेने २००६ मध्ये ४०६ विहिरींची तपासणी केली. त्यांतील १८ टक्क्यांत कोणता ना कोणता अभेद्यतेचा दोष निघाला. या सर्वांचे खापर सिमेंटवर फोडणे अन्यायाचे होईल. झडपा, सांधे आणि आतील उत्पादन-नळ्याही गळतात. शिवाय यांतील बहुसंख्य विहिरींतून बाहेर काहीही सांडलेले नव्हते. एक अडसर ढळला, तरी दुसरा उभा होता. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातच मकोंडो विहिरीवर मात्र तळाच्या सिमेंटने वायू अडवला नाही आणि पुढचे अडसरही एकामागून एक कोसळले. त्यात ११ कर्मचारी मृत्युमुखी पडले.

सिमेंट स्वतः किती टिकाऊ असते, याचा पुरावा टेक्सासमधून मिळाला. तेथील सॅक्रॉक तेलक्षेत्रात सुमारे तीस वर्षे कार्बन डायऑक्साइडच्या सान्निध्यात राहिलेल्या एका जुन्या विहिरीतील सिमेंटचे नमुने काढून लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. सिमेंटचे अंग बऱ्याच अंशी शाबूत होते. वायूच्या प्रवासाच्या खुणा होत्या त्या पोलाद व सिमेंट आणि सिमेंट व खडक यांच्या सांध्यांवर. हवामानबदल रोखण्यासाठी कार्बन डायऑक्साइड जमिनीत शतकानुशतके गाडून ठेवण्याचे जे बेत जगभर आखले जात आहेत, त्यांची भिस्त या सांध्यांवर आहे.

मुंबईकरांपासून हा विषय वाटतो तितका दूर नाही. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय क्षेत्रात ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. दाब टिकवण्यासाठी तेथे समुद्राचे पाणी शुद्ध करून भूगर्भात भरले जाते, आणि हे पाणी तळच्या खडकापेक्षा कितीतरी थंड असते. अशा क्षेत्रातील दीर्घायुषी विहिरींनी दाब व तापमानाची असंख्य आवर्तने पाहिलेली असतात. त्या कधीतरी कायमच्या बंद करताना जुने कडे अजून खडकाला धरून आहे का, हे आधी तपासावे लागते.

ते तपासण्याचे नेहमीचे साधन म्हणजे ध्वनिलहरी. केसिंगमध्ये उपकरण सोडून ध्वनी पाठवतात. सिमेंट चिकटलेले असेल, तर आवाज दबतो, सुटलेले असेल, तर पोलाद घंटेसारखे निनादते. गंमत अशी, की नोंद घेताना केसिंगमधील दाब वाढवला, तर पोलाद फुगून फट मिटते आणि आलेख उत्तम येतो. दाब सोडला, की तोच आलेख बिघडतो. दोन्ही आलेख खरेच असतात. म्हणून जाणकार अभियंता आलेख पाहण्याआधी तो किती दाबाखाली घेतला, हे विचारतो. काही नव्या विहिरींत आता केसिंगच्या बाहेरून प्रकाशतंतू सिमेंटमध्येच गाडले जातात. त्यांतून तापमान आणि विकृती यांची नोंद थेट मिळते. बाकीच्या विहिरींचा कारभार मात्र अजून जुन्याच रीतीने चालतो. विहिरीच्या तोंडाशी असलेल्या दाबमापकाचा काटा कर्मचारी ठरावीक दिवसांनी वाचतो, झडप उघडून दाब उतरवतो, ती बंद करतो आणि काटा पुन्हा चढतो का, याची वाट पाहतो.